उलटा लटकलेला बादशहा

मला बी.ए. केलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं. पदवीच्या कागदावर शिक्का विद्यापीठाचा आहे, नाव माझं आहे, पण काम तिचं आहे. आमच्या तांड्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. ती स्वतः चौथी शिकली. पाचवीसाठी फुलसावंगीला जावं लागे आणि मुलीला रोज एवढं लांब कोण पाठवणार, म्हणून तिचं दप्तर मला मिळालं. तिनं ते दिलं, पण एका अटीवर. संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायला बसली की मी शेजारी बसून त्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचायचा. मी मधला परिच्छेद गाळला तर ती भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणायची, "थांब. तो राजा मेला का जित्ता आहे? मांगचं सांग अगोदर." असं करत करत पाचवीपासून दहावीपर्यंतचा इतिहास तिनं कानानं पास केला. मग पुसदला वसतिगृहात राहून मी कॉलेज केलं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी तिला पत्र लिहायचं हेही तिनंच ठरवलेलं. अक्षर मोठं काढ, म्हणायची. ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते.

नाण्यांचा नाद लागला तोही त्याच घरात. आमच्या बंजारा बायकांच्या पोशाखावर नाणी असतात. याडीच्या, म्हणजे आईच्या, ओढणीला आणि कांचळीला जुने रुपये, पावल्या शिवलेल्या होत्या. प्रत्येकाला वर एक छोटी कडी डाख देऊन बसवलेली. मी तिच्या मांडीवर बसून त्या नाण्यांवरचे चेहरे बघायचो. हा कोण, ही कोण, असं विचारायचो. याडी म्हणायची, रुपया आहे, आणखी कोण असणार? बहीण मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणते आणि मी तिला बाई. ती मात्र एकदा म्हणाली, "भिया, तू शिकून राह्यला ना? मंग तूच काढ शोधून अन् मले सांग."

मी शोधून काढलं. रुपयावरून सुरू झालेलं ते मागे मागे जात राहिलं आणि शेवटी प्राचीन सोन्याच्या नाण्यांपाशी येऊन थांबलं. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे थांबलं म्हणजे काय, तर बहुतेक पुस्तकांतच थांबलं. प्रत्यक्षात पंधरा वर्षांत माझ्याकडे जमलं ते इतकंच: दक्षिणेकडचे हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन सोन्याचे फणम, झिजून गुळगुळीत झालेलं एक कुशाण नाणं, आणि एक सॉलिडस. सॉलिडस म्हणजे पूर्वेकडच्या रोमी साम्राज्याचं, ज्याला बायझंटाईन म्हणतात त्याचं, सोन्याचं नाणं. माझं सहाव्या शतकातलं आहे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला बादशहा, हातात क्रूस असलेला गोल. दुसऱ्या बाजूला लांब क्रूस धरून उभा असलेला पंखांचा देवदूत. हे सगळं दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान जागेत. ही हकिकत त्याच नाण्याची आहे.

पण आधी एक सांगतो, म्हणजे माझं डोकं त्या दिवशी का फिरलं ते कळेल. ज्याला क्रिकेटचा नाद आहे त्याला कोणी विचारत नाही की बॉल कुठे सापडला. मला मात्र जो भेटेल तो विचारतो, "सर, कुठे सापडलं?" सोन्याचं जुनं नाणं म्हटलं की ते जमिनीतूनच निघालं पाहिजे आणि हंड्यातूनच निघालं पाहिजे. मी बिल दाखवतो. माणूस बिलाकडे बघून डोळा मारतो. एकदा केळापूरकडचे एक पालक मुलाच्या दाखल्याचं निमित्त काढून आले आणि दाखला राहिला बाजूला, खुर्ची जवळ ओढून हळूच बोलू लागले.

"सर, आमच्या वावरात चिंचेखाली काहीतरी आहे. तुमी फक्त जागा पाहून सांगा. अर्धं तुमचं."

"मी जागा पाहत नाही हो. मी नाणी पाहतो."

"तेच म्हणून राह्यलो मी. नाणे जागेतच असतेत ना सर."

"माझं नाणं नागपूरच्या प्रदर्शनातून आणलेलं आहे. व्यापाऱ्याकडून."

"बराबर आहे," ते म्हणाले, "सगळेच तसं सांगतेत."

शिक्षकांच्या खोलीत वेगळा त्रास. तिथे गुप्तधनावर कोणाचा विश्वास नाही, पण नाण्यांवरही नाही. गणिताचे सर दर सोमवारी आजचा भाव सांगतात आणि म्हणतात, "सर, तुम्ही सोन्यापेक्षा जास्त देऊन सोनं घेतलं. गणितात तुमाले पास कोणी केलं?" मी किती वेळा सांगितलं की ते वजनावर घ्यायचं नसतं. जुन्या नाण्याची किंमत त्याच्या अंगावर असते, ते किती कमी झिजलं, त्याला कोणी ओरखडा काढला का, भोक पाडलं का, घासून चकचकीत केलं का, यावर असते. कडी बसवलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी लंगडं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की आमचा शिपाईसुद्धा पाहुण्यांना ऐकवतो.

आणि हे वाक्य मी नागपूरलाही बोललो होतो. व्यापाऱ्यानं माझ्यासमोर दोन सॉलिडस ठेवले. एक स्वच्छ. दुसऱ्याला बादशहाच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोकं होती. तो म्हणाला, "हे घ्या सर, निम्म्यात पडेल. हे इकडच्याच जुन्या घरातून आलंय, गळ्यात घातलेलं आहे कोणीतरी." मी म्हटलं, भोकाचं नको, लंगडं असतं ते. तोंड असं केलं असणार की जसं कोणी उष्टं ताट पुढे सरकवलं. आणि स्वच्छ नाणं प्लॅस्टिकच्या डबीत घालून, डबी रुमालात, रुमाल आतल्या खिशात, खिशावर हात, असा मी एसटीनं पांढरकवड्याला घरी आलो.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. बायकोला मदत म्हणून बहीण दीड महिना राहायचं ठरवून आमच्याकडे आली. तिचं स्वतःचं शेत, घर, सासू, सगळं मागे ठेवून आली. बाळाला तेल लावणं, शेक देणं, बायकोला डिंकाचे लाडू खायला घालणं, आणि मला, "तू कायले मधात मधात येतं?" म्हणून बाहेर हाकलणं, हे ती आनंदानं करायची. एका दुपारी बाळ झोपल्यावर मी तिला नाणं दाखवलं. मला फार दिवसांपासून दाखवायचं होतं. तिनंच तर शोधून काढ म्हटलं होतं.

तिनं ओढणीला हात पुसला आणि तळहात पुढे केला. मी नाणं डबीतून काढून तिच्या हातावर ठेवलं. तसं मी कोणाच्याच हातावर ठेवत नाही.

"हा कोण?"

"बादशहा. कॉन्स्टँटिनोपलचा. आठवते का, आठवीत होतं. तुर्कांनी घेतलं ते शहर."

"अन् मंग आपल्याकडे मसाल्यासाठी समुद्रातून रस्ता शोधत गोरे आले. आठवते. हा तोच होता का, ज्याच्यापासून घेतलं?"

"नाही. हा त्याच्या नऊशे वर्षं आधीचा."

तिनं नाणं उलटवलं. "अन् ही?"

"देवदूत. पंख आहेत बघ."

"पंख कायचे! पदर उडून राह्यला तिचा. देवी आहे ही." मग तिनं नाण्याची कड अंगठ्यानं चाचपली, सगळीकडून. "भिया, याले कडी काहून नाही?"

आता यावर मला सगळं भाषण करावं लागलं असतं. लंगडं नाणं वगैरे. दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, माझ्या शाळेत केंद्र होतं, बैठक व्यवस्थेचे तक्ते टेबलावर पडलेले होते. मी नाणं डबीत ठेवता ठेवता म्हणालो, "लावू, लावू."

परीक्षा सुरू झाल्यावर मी सकाळी जायचो तो दुपारनंतर यायचो. तिसऱ्या का चौथ्या पेपरच्या दिवशी, उत्तरपत्रिकांची सीलबंद पाकिटं कस्टडीत, म्हणजे बोर्डाच्या जमा-केंद्रात, पोचवून मी घरी आलो तर दोघी नणंद-भावजय दारातच उभ्या. दोघींच्या तोंडावर असं काही होतं, जसं मुलांनी फळ्यावर शिक्षकदिनाचं चित्र काढून ठेवलेलं असावं आणि सर कधी बघतात याची वाट बघावी. बहिणीनं मूठ उघडली. मुठीत काळ्या गोफात ओवलेलं माझं सॉलिडस होतं. वर कडी. आणि असं लखलखत होतं की मी आधी ओळखलंच नाही.

"सोनाराकडे गेलतो आमी," बहीण म्हणाली. "पोरीच्या गळ्यात आत्याकडून पाहिजे ना काहीतरी. उजाळा पण देऊन दिला त्यानं. किती काळं पडलतं."

ते काळं पडलेलं नव्हतं. तो तांबूस रंग होता, अक्षरांच्या खाचांत बसलेला, चौदाशे वर्षांत जमलेला. सोनारानं तो तेजाबात बुडवून आणि ब्रशनं घासून अर्ध्या तासात काढून टाकला. देवीची बाजू पुढे यावी म्हणून कडी देवदूताच्या डोक्यावर बसवलेली. आणि ज्यांनी हे नाणं पाडलं त्यांची पद्धत अशी होती की एक बाजू सुलट धरली की मागची उलट येते. म्हणजे पुढे देवी पदर उडवत उभी, आणि मागे बादशहा शिरस्त्राण खाली करून उलटा लटकलेला.

मी काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेही इथे लिहिणार नाही. एवढं नक्की बोललो की, "तुले काही समजते का? चौथी शिकलेल्या माणसानं कपाटाला हात लावू नये." आवाज चढला म्हणून बाळ उठलं आणि रडायला लागलं. बायको बाळाला घेऊन आत गेली. बहीण तिथेच उभी राहिली. तिनं नाणं टेबलावर, परीक्षेच्या तक्त्यावर ठेवलं आणि म्हणाली, "तूच म्हणलं लावू." बस्, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी पेपरला गेलो आणि परत आलो तोवर ती पुसदच्या गाडीनं निघून गेलेली होती. दीड महिना व्हायला अजून आठ दिवस होते. लाडवांचा डबा भरून ठेवलेला. बाळाच्या तेलाची बाटली कोणत्या उन्हात ठेवायची ते बायकोला सांगून गेली होती. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

मी मात्र अजून चिडलेलोच होतो. शनिवारी पेपर नव्हता, तर नाणं घेऊन थेट सोनाराकडे गेलो. त्याची पेढी आमच्या बाजारातच आहे, बापाच्या वेळेपासूनची. तो मला बघून हसला, चहा सांगायला लागला.

मी म्हणालो, "चहा राहू द्या. ही कडी काढा. आहे तसं करून द्या मला."

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "निघन ना सर. पण आंच द्यावी लागन. किनार जराशी बसन. पातळ आहे ना नाणं."

"बसेल म्हणजे?"

"वितळन थोडी. अन् उजाळा तर काही परत काळा होत नाही. तो आता तुमच्या नातवाच्या टायमाले होईन."

"तुम्ही विचारायचं तरी होतं! एवढं जुनं नाणं. एक फोन करायचा."

"कोणाले विचारू?" आता तोही चिडला. "मॅडम सोबत होत्या. ताई सोबत होत्या. मी म्हणलं, ताई, कडी चांदीची लावतो, नाही तर पितळी. ताई म्हणल्या, सोन्याची. म्हणलं सोनं? तर इथंच, या स्टुलावर बसून, नाकातली सोन्याची फुली काढली अन् माझ्या ताटलीत टाकली. म्हणल्या, हिची कर. मी नाही म्हणलो, तुमच्या भावजयीले विचारा. नाकातलं कोणी काढून देते का सर? पण नाही ऐकल्या. आता काढायची म्हणता तर काढून देतो. कडीचं सोनं कोणाच्या हातात देऊ, तेवढं सांगा."

मी स्टुलाकडे बघितलं. कशाला बघितलं कोणास ठाऊक. मग नाणं खिशात टाकलं, डबीबिबी काही नाही, नुसतंच, आणि घरी आलो. बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "तुमाले कोणी बोलू दिलं का त्या दिवशी?" आणि बहीण दारात उभी होती तेव्हा तिच्या नाकाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी नाण्याच्या खाचा बघत होतो.

त्यानंतर मी बहिणीला फोन केले. ती उचलते. "जेवला का? पोर कशी आहे? आंघोळीचं पाणी कोमट ठेवा," एवढं बोलते आणि भाचीच्या हातात फोन देते. सोनाराचं नाव काढलं की, "गाय सुटली वाटते," म्हणून निघून जाते. त्यांच्याकडे गाय नाही. येणार का, म्हटलं तर कापसाचं सांगते, कापूस झाला की तुरीचं सांगते. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, आणि आत्या आली नाही. व्हॉट्सअॅपवर नाण्याचा फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, पुढे काही नाही.

त्या दिवसांत मला आठवीला व्यापाराचा धडा शिकवायचा होता. दरवर्षी शिकवतो. रोमचं सोनं मिऱ्यांच्या, कापडाच्या बदल्यात आपल्याकडे आलं. माझ्या टिपणवहीत, माझ्याच अक्षरात, पाच-सहा वर्षांपूर्वीचं एक वाक्य आहे: भारतात सापडलेल्या अशा सोन्याच्या नाण्यांपैकी पुष्कळांना भोकं किंवा कड्या आहेत, कारण ती इथे दागिना म्हणून वापरली. वर्गात मी ते वाचून दाखवलं आणि पुढच्या मुद्द्याकडे गेलो, जसा दरवर्षी जातो. मग परत मागे आलो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तोच मुद्दा दोनदा लिहू का?" मी म्हणालो, नको.

मी बदललो वगैरे म्हणणार नाही. तो रंग गेला याचं मला आजही वाईट वाटतं आणि सोनारानं विचारायला हवं होतं असं आजही वाटतं. गणिताच्या सरांना हे सगळं कळलं तर ते काय म्हणतील या विचारानं अजूनही अंगावर काटा येतो. पण फोनवर बोलणं होत नव्हतं आणि बाळाला वर्ष होत आलं होतं. म्हणून मी शाळेतला आखीव कागद घेतला आणि पुसदच्या वसतिगृहात लिहायचो तसं, मोठं अक्षर काढून पत्र लिहिलं. परवा टपालात टाकलं. त्याची नक्कल अशी:

बाई,

अक्षर मोठं काढलं आहे. हे पत्र तूच वाच, भाचीला वाचायला देऊ नकोस. तिला द्यायचं असेल तर तू वाचल्यावर दे.

मी तुला चौथी शिकलेली म्हणालो. चौथी शिकलेल्या माणसानं मला दहावीपर्यंत शिकवलं हे तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नाही. तुझ्यासमोर बोललो, बायकोसमोर बोललो, पोरीसमोर बोललो. तिघींपैकी पोरीला कळलं नाही एवढंच बरं.

लावू असं मीच म्हणालो होतो. तू विचारलं तेव्हा मला समजावून सांगायचा कंटाळा आला होता. तू लहानपणी विचारायचीस आणि मी परिच्छेद गाळायचो, तसंच केलं. तेव्हा तू पकडायचीस. या वेळी नाही पकडलं.

सोनारानं मला नाकातल्याचं सांगितलं. मला ते फार लागलं. तू ते मला सांगणार नव्हतीस हेही मला माहीत आहे.

खोटं लिहीत नाही. नाणं घासायला नको होतं. त्याचा मला राग आहे, तो सोनारावर आहे, आणि त्याच्याशी मी अजून बोलत नाही. पण कडी मी काढली नाही, आणि काढणार नाही. आपल्या इकडे असं नाणं आलं की बायकांनी त्याला भोक पाडलं, कडी लावली आणि गळ्यात घातलं. हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. नागपूरला त्या व्यापाऱ्यानं मला तसं एक दाखवलं होतं, कोणीतरी गळ्यात घातलेलं. मी नको म्हणालो. घ्यायला पाहिजे होतं असं आता वाटते, पण ते गेलं असेल.

आता कामाचं. पोरीला पुढच्या महिन्यात वर्ष होते. नाणं काळ्या गोफात तसंच आहे, कपाटात आहे, डबीत नाही. ते अजून तिच्या गळ्यात घातलं नाही. तिची आई म्हणाली घालू या, मी म्हणालो नाही, ज्यानं केलं त्यानंच बांधायचं. तू नाही आली तर ते बांधलं जाणार नाही, आणि मोठेपणी पोरीनं विचारलं काहून, तर मी तुझं नाव सांगीन.

पुसदहून सकाळची गाडी आहे. मी स्टँडवर उभा राहीन. तुरीचं सांगू नको, मी तुझ्या शेजारच्या काकांना फोन करून विचारलं, तुमची तूर निघाली.

एक गोष्ट तुला माहीत नाही. मागच्या बाजूला बादशहा उलटा झाला आहे, डोकं खाली. मी ते कोणाला सांगितलं नाही. तू आलीस की दाखवतो. हसशील.

तुझा भिया